मायाप्पाच्या झोपेचा कागद

माणूस झोपला की आपण नुसतं म्हणतो, झोपला. त्यात सांगण्यासारखं काय असतं? पण आमच्या मायाप्पाच्या झोपेसाठी एका वर्षी सोलापुरातलं निम्मं हॉस्पिटल कामाला लागलं होतं, आणि ती झोप काही केल्या कुणाला सापडत नव्हती. ज्याला नको तिथं पटकन झोप लागायची आणि पाहिजे तिथं डोळा मिटायचा नाही, असा माणूस मी जन्मात एकच बघितला.

मायाप्पा आमच्याच गावचा, सांगोल्याच्या पुढचा. जातीनं धनगर. घरची मेंढरं. पोर असताना घोड्यावरच्या टोपल्यात बसून फिरला आणि मेंढरांच्या मागं चालतच चालायला शिकला. दिवाळी झाली की त्यांचा कळप कृष्णेच्या काठाला निघायचा तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. गावात त्याला घर होतं, पण घर म्हणजे त्याच्या दृष्टीनं भांडी ठेवायची जागा. एकदा आजारी कोकरू घोंगडीखाली घेऊन तो सांगोल्याहून एस.टी.त बसला. कोकरू ओरडलं. कंडक्टर म्हणाला, "जनावर आहे काय रे आत? तिकीट काढ त्याचं." मायाप्पा म्हणाला, "सायेब, मांडीवरच्या पोराचं तिकीट असतंय का? ह्ये तर अजून दात बी न आल्यालं हाय." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला, आणि कोकरू फुकट सोलापूरला आलं. असा माणूस. उंच, काटक, बोलायला तिखट आणि हट्टाला पक्का.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा फेफरं आलं. तळावर, चुलीजवळ बसलेला असताना. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मग कॅनॉलच्या कडेला एकदा आलं, पाण्यात पडता पडता वाचला. भगत झाले, उतारे झाले, नाकाला चपला लावून झाल्या. पण खरी गोष्ट बिघडली ती तिसऱ्या वर्षी. राखणीची पाळी त्याची असताना झटका आला आणि मोकळी मेंढरं एका बागायतदाराच्या ज्वारीत शिरली. सकाळी मोठं भांडण झालं, काठ्या निघाल्या. थोरला भाऊ धोंडीराम कळपाचा कारभारी. त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "मायाप्पा, तुजं फेपरं जाईस्तवर तू घरी बसायचं. कळपासंगं यायचं न्हाय."

झालं. माणूस गावात बसला. बायको राजाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि हा दारात घोंगडीवर बसून रस्त्याकडं बघायचा. कुणी विचारलं, "काय मायाप्पा, बरं हाय का?" तर म्हणायचा, "बरं असतं तर हितं घावलो असतो का तुला?" गावात बसल्यावर झटके कमी व्हावेत, तर ते वाढलेच. राजाबाई म्हणायची, रात्र रात्र उठून बसतात, अंगणात फेऱ्या घालतात.

मी तेव्हा सोलापुरात गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होतो. गावचं कुणी दवाखान्याला आलं की उतरायचं आमच्याच चाळीत, आणि त्यांना घेऊन हिंडायचं काम माझं. तशी ही जोडी आली. मी त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. हे डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, तरुण, बोलायला गोड, आणि त्यांच्या हॉस्पिटलात डोक्याचा आलेख काढायचं नवंकोरं मशीन आलेलं. डोक्याला तारा चिकटवायच्या, मेंदूत जी बारीक वीज चालते ती तारांतून मशीनला जाते आणि शाईच्या सुया लांबलचक कागदावर रेघा काढत बसतात. कागद सरकत सरकत खाली पेटीत धोतराच्या निऱ्यांसारखा घड्या होऊन पडतो. मला तर गिरणीची आठवण झाली.

गोळ्या देऊन बघितल्या, पुरता गुण येईना. मग डॉक्टर म्हणाले, "मुंबईला एक मोठे सर्जन आहेत. मेंदूत फेफरं जिथून सुरू होतं ती एवढीशी जागा काढून टाकतात. पण जागा एकच पाहिजे आणि ती नेमकी कुठं आहे ते कळलं पाहिजे."

मायाप्पा म्हणाला, "कापा."

राजाबाईनं कपाळाला हात लावला. "काय कापा? लोकर हाय का ती?"

"तू गप. कापून जातंय तर कापा, सायेब. दिवाळीला मेंढरं निगायची हायती."

डॉक्टर हसले. त्यांनी समजावून सांगितलं. जागेपणी मेंदूतला दोष बहुतेक दबून राहतो, झोप लागली की डोकं वर काढतो. म्हणून मुंबईवाल्यांना दोन्ही आलेख पाहिजेत, जागेपणीचा आणि झोपेतला. आदल्या रात्री जागं राहायचं, सकाळी येऊन मशीनच्या खाटेवर झोपायचं. झोपेचं औषध देता येणार नाही, कारण मग कागदावर औषधाच्याच लाटा उमटतात. आपली आपण आलेली झोप पाहिजे.

"म्हंजी निस्तं झोपायचं?" मायाप्पानं विचारलं.

"नुसतं झोपायचं."

मायाप्पा माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, "हिंदूदादा, ह्याला बी शाळा शिकावी लागती व्हय?"

तेच त्याचं शेवटचं हसणं. पुढं दोन महिने तो हसलेला मला आठवत नाही.

मशीन चालवायला गुरुसिद्धप्पा नावाचे गृहस्थ होते, दुधनीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. माणूस मनानं चांगला, पण मशीनपायी सासुरवाशिणीसारखा जीव मुठीत धरून वागायचा. खोलीत चपला घालून यायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. खोलीला जाड पडदे, टेबलाच्या पायांखाली टायरचे तुकडे, दारावर लाल अक्षरांत 'शांतता'. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्यांनी तेही बंद पाडलं होतं. मी आत गेलो तेव्हा मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू आला.

पहिल्या दिवशी जागेपणीचा कागद काढायचा होता. डोकं शिकेकाईनं धुऊन, तेल न लावता यायचं, असं बजावलं होतं. गुरुसिद्धप्पांनी मायाप्पाचा पटका सोडला, डोक्यावरून हात फिरवला आणि हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. तेल मनगटापर्यंत ओघळत होतं.

"हे काय आहे?"

"करडीचं त्याल," राजाबाई म्हणाली.

"बाई, तेल लावू नका म्हटलं होतं की नाही?"

"न्हाईच लावलं की. घरी धुतलं शिकेकाईनं, तसंच ठिवलं. पर एस.टी.तनं उतरल्यावर लावलं. येवड्या मोठ्या डाक्टराफुडं कोरडं डोस्कं घिऊन जायाचं? घरात कोन मेल्यागत? लोक काय म्हंतील, बायकूला येवडं बी कळत न्हाय?"

"अहो, तेलावर तारा चिकटत नाहीत!"

"मग तसं सांगायचं. तुमी म्हनलासा त्याल लावू नका. आमाला वाटलं, घरनं लावून आनू नका."

मायाप्पाचं डोकं हॉस्पिटलच्या नळावर साबणानं दोनदा धुतलं, मग सोड्यानं धुतलं. तेल निघता निघेना. राजाबाईनं ते मनापासून मुरवलं होतं. त्या दिवशी काम झालं नाही. मायाप्पा ओलं डोकं घेऊन परतताना रस्ताभर बायकोला म्हणत होता, "मेंढरं कातरताना बी येवडं भिजवत न्हाईत गं."

पुढच्या खेपेला डोकं कोरडं ठणठणीत आणलं. जागेपणीचा कागद निघाला. डोळे उघड, डोळे मीट, जोरात श्वास घे, सोड. सुया शहाण्यासारख्या चालल्या. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. जागेपणी काहीच दिसत नव्हतं. सगळी भिस्त आता झोपेवर.

मग आली झोपेची खेप. आदल्या रात्री त्याला जागं ठेवायचं काम आमच्या चाळीनं केलं. कुणी पत्ते मांडले, कुणी चहा केला, मी तर गोष्टींचं गाठोडंच सोडलं. माणूस पहाटेपर्यंत ताठ बसला, पण सकाळी टांग्यात बसवला तसा झोपला. मान माझ्या खांद्यावर, तोंड उघडं.

"उठ रे! इथं नको!" मी त्याला हलवायचो. तो डोळे उघडायचा, "हाय, जागा हाय," म्हणायचा आणि पुन्हा गळायचा. टांगेवाला मागं वळून म्हणाला, "झोपू द्या की बिचाऱ्याला." मी म्हटलं, "बाबा, ह्याची झोप आम्ही रात्रभर साठवलीय, तुझ्या टांग्यात सांडून कशी चालेल?"

हॉस्पिटलच्या बाहेरच्या दालनात ही गर्दी. पोरं रडतायत, कंपाउंडर नावं पुकारतोय, कोपऱ्यात एक म्हातारी विव्हळतेय. मायाप्पा बाकावर टेकला आणि घोरायला लागला. त्याला दोघांनी उचलून आत नेलं, खाटेवर निजवलं, तारा लावल्या. गुरुसिद्धप्पांनी दार ओढलं, पडदा ओढला, आणि बोट ओठावर ठेवलं.

खोली चिडीचूप झाली आणि मायाप्पाचे डोळे टक्क उघडले.

आम्ही वाट बघितली. तो आढ्याकडं बघत पडला होता. गुरुसिद्धप्पा कुजबुजले, "डोळे मिट." त्यानं मिटले. सुया सांगत होत्या, जागा आहे. मला मशीनमधलं काही कळत नसलं तरी गुरुसिद्धप्पांचं तोंड बघून कळत होतं. त्यांनी राजाबाईच्या बांगड्यांना पदर गुंडाळायला लावला. मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. बाहेर जाऊन व्हरांड्यात झाडणाऱ्या बाईला थांबवलं, खिडकीवरचा कावळा हाकलला. जसजशी शांतता वाढत गेली तसतसा मायाप्पा जास्तच जागा झाला. शेवटी तो उठून बसला आणि तारांसकट मान वळवून खिडकीकडं बघायला लागला.

"काय बघतोस?"

"काय न्हाय. उगंच."

दुपार झाली, गुरुसिद्धप्पांनी तारा काढल्या. आम्ही बाहेर आलो, मी चहा आणायला गेलो, परत आलो तर हा पठ्ठ्या त्याच गर्दीतल्या बाकावर पुन्हा घोरतोय. नेमके गुरुसिद्धप्पा दारात आले. त्यांनी ते बघितलं.

"यप्पा!" ते जवळजवळ रडवेले झाले होते. "आता झोपतो होय रे? आता? मघाशी काय झालतं तुला? मुद्दाम करतोस काय?"

त्याला तसाच उचलून आत नेला. दार लागलं. डोळे उघडले.

राजाबाईचा धीर सुटला. सगळ्यांसमोर नवऱ्याला बोलायची नाही ती बाई, पण त्या दिवशी बोलली. "हट्टच हाय निस्ता अंगात! घरी झोपत न्हाईत, हितं झोपत न्हाईत. मला खुरपं टाकून यावं लागतंय. झोपायला काय वझं उचलायचं हाय का?"

"मी काय मुद्दाम करतोय व्हय गं?" मायाप्पाचा आवाज चिरकला. "डोळा लागतोय, आन् आतनं कुनीतरी उठ म्हंतंय. मी काय करू? डोळं शिवून घिऊ?"

त्याची ती चिडचिड मला अजून आठवते. माणूस स्वतःवर चिडला की त्याला कुणाला मारताही येत नाही. दसरा तोंडावर आला होता. दिवाळीला कळप निघणार, धोंडीरामानं घोड्यांची खोगीरं दुरुस्तीला टाकली होती, आणि इथं त्याच्या भावाची झोप एका खोलीच्या उंबऱ्यावर अडून बसली होती.

त्यानंतरच्या खेपेला काय व्हावं? त्याला तारा लावल्या आणि दिवे गेले. वीजच गेली. मशीन मुकं झालं. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो, वीज काही आली नाही. पुन्हा एक रात्र जागलेली वाया. चाळीतली माणसं आता मायाप्पा आला म्हटलं की दारं लावून घ्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाही झालं तर मुंबईला तसंच कळवतो, की झोपेतला आलेख मिळत नाही." म्हणजे शस्त्रक्रिया नाही. म्हणजे कळप नाही. मायाप्पानं ते ऐकलं आणि पटका घट्ट आवळला.

शेवटच्या खेपेला आम्ही सगळेच थकलेलो. मायाप्पा खाटेवर, तारा लागलेल्या, डोळे उघडे. गुरुसिद्धप्पांनी दार लावलं, बोट ओठावर ठेवलं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडं ठक्! ठक्! ठक्! कुणीतरी हातोडा मारायला लागलं.

गुरुसिद्धप्पांचा चेहरा मी कसा सांगू? ते चवड्यावर चालत बाहेर गेले. मी मागं. शेजारच्या खोलीत एक म्हातारा मिस्त्री बसून कपाटाचं दार बसवत होता.

"बंद कर! बंद कर आधी! पेशंट झोपवायचाय मला!"

मिस्त्री दखनीत म्हणाला, "डाक्टर साब बोले आज के आज कपाट होना. मैं क्या करूं?"

"नंतर कर. जा, चहा पिऊन ये."

मिस्त्री कुरकुरत हातोडा ठेवून उठला. आम्ही परत खोलीत आलो. राजाबाई मशीनकडं बोट करून उभी होती. गुरुसिद्धप्पा कागदावर वाकले. आम्ही बाहेर मिस्त्रीशी भांडत होतो तेवढ्यात सुयांच्या रेघा बदलल्या होत्या. मोठ्या, संथ, लांब लांब लाटा. मायाप्पाचं तोंड उघडं पडलं होतं.

"झोपला," गुरुसिद्धप्पा पुटपुटले. "खरंच झोपला की हो."

आणि आमच्या डोळ्यांदेखत, हातोडा थांबल्यावर, त्या लाटा बारीक झाल्या आणि मायाप्पानं टक्क डोळे उघडले.

गुरुसिद्धप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मग कागदाकडं. मग भिंतीकडं. मग असे धावले की त्यांची चप्पल दारातच राहिली, आणि व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला, "मिस्त्री! अहो मिस्त्री! ठोका!"

मी बाहेर डोकावलो. मिस्त्री जिन्यापर्यंत गेला होता. "क्या ठोकू?"

"कपाट ठोका!"

"अबी तो तुम बोले चाय पी के आ."

"चहा मी पाजतो. ठोका आधी!"

मिस्त्रीनं चार खिळे मारले आणि हात झटकले. "हो गया. बैठ गया दरवाजा."

"मग दुसरं काहीतरी ठोका. ती फळी ठोका."

"खाली फळी? उसमें कुच लगाना नै, निकालना नै?"

"नुसती ठोका! एका लयीत ठोका. थांबायचं नाही."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत असं होतं, की डोक्याच्या दवाखान्यात पेशंट कोण आणि नोकर कोण हे आज कळेना. पण त्यानं फळी पुढ्यात घेतली आणि ठोकायला लागला. ठक्, ठक्, ठक्. मधेच विडी पेटवायला थांबला तर आतून गुरुसिद्धप्पांची मुंडी बाहेर, "विडी नंतर!" मी शेवटी विडी पेटवून त्याच्या ओठांत दिली. त्यानं ठोकता ठोकता ओढली.

आत मायाप्पा मेल्यासारखा झोपला होता. कागद घड्या होत पेटीत पडत होता. मधेच सुया अशा उसळायच्या की शाईचे टोकदार काटे कागदभर उठायचे. गुरुसिद्धप्पा प्रत्येक वेळी पेन्सिलीनं खूण करत होते, आणि त्यांचे ओठ जपासारखे हलत होते. काम संपलं तेव्हा मिस्त्रीचा हात बधिर झाला होता. तो म्हणाला, "घर में बीवी सोने कू बोलती, ठोक ठोक बंद करो. इने अलग आदमी है बाबा."

मायाप्पाला उठवलं तेव्हा राजाबाई पदरात तोंड घालून हसत होती, की रडत होती, मला कळलं नाही. म्हणाली, "आत्ता डोस्क्यात परकास पडला. तळावर रातभर मेंढरांच्या घंटा वाजत असत्यात. लांडगा आला की मेंढरं जागच्या जागी गप व्हत्यात. आवाज थांबला की समदी गडीमानसं झोपंतनं ताडदिशी उठत्यात. लहानपणापास्नं तीच सवय. ह्यास्नी गप खोलीत लांडगा दिसतूया!"

गुरुसिद्धप्पांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "बाई, हे पहिल्या दिवशी सांगायचं नाही?"

"मला कुटं ठावं व्हतं? मला वाटलं, हट्ट करत्यात."

"आणि तुला रे?"

मायाप्पा डोळे चोळत म्हणाला, "झोपल्यावर मी कसा उठतो त्ये मला कसं दिसंल? झोपंत मी असतोय का तितं?"

कागद मुंबईला गेला. मायाप्पाला वाटलं, आता काय, डोकं कापलं की सुटलो. गावात त्यानं घोंगडी धुऊन वाळत घातली. मुंबईचं उत्तर आलं आहे असं कळल्यावर मी निरोप धाडला आणि धोंडीरामही सोबत आला. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. डॉक्टरांच्या खोलीत तो खुर्चीवर बसला नाही, काठी टेकून उभाच राहिला.

डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला. "हे बघ मायाप्पा. हे काटे दिसतात? हे मेंदूच्या डाव्या बाजूचे. आणि हे उजव्या बाजूचे. दोन्हीकडं आहेत. एकच जागा असती तर काढली असती. दोन्ही बाजूंचं काढता येत नाही. मुंबईचे साहेब नाही म्हणाले."

मग मायाप्पा एकदम उसळला. "न्हाय म्हनाले? त्याल काडलं, सोडा लावला, रात रात जागलो, हातुड्याखाली झोपलो, आन् त्ये न्हाय म्हनाले? मग कशापायी झोपलो मी?"

"अरे, ऐकून तर घे. ह्या कागदानं एक गोष्ट नक्की सांगितली. तुझं फेफरं झोपेशी बांधलेलं आहे. जागरण झालं की ते वाढतं. पहिलं कधी आलं? दुष्काळानंतर, राखणीला माणसं कमी होती तेव्हा. गावी बसल्यावर का वाढलं? शांत घरात तुला झोपच लागत नाही. तुला रोज पुरती झोप पाहिजे आणि गोळ्या वेळेवर पाहिजेत. मग ते बरंच आवाक्यात राहील. चुलीपासून आणि पाण्यापासून मात्र लांब राहायचं."

राजाबाई सगळं कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी सायेब, ह्यास्नी घरी ठिवलं तर वंगाळ, आन् मेंढरांत ठिवलं तर बरं?"

डॉक्टर म्हणाले, "तसंच म्हणायला पाहिजे. पण रात्रीची राखण अजिबात करायची नाही."

आता धोंडीराम बोलला. "सायेब, आमच्यात राखण करील त्यो कळपाचा. पाळी समद्यांस्नी. ह्यो एकटा घोंगडं वडून पडला तर बाकीची काय म्हंतील? आन् पाळी कुनी करायची ह्याची?"

मायाप्पानं मान खाली घातली. भावाशी तो कधी वाद घालायचा नाही.

"मी करीन," राजाबाई म्हणाली.

धोंडीरामानं तिच्याकडं बघितलंच नाही. डॉक्टरांना म्हणाला, "बाईमानूस राखनीला असतंय का?"

"का दादा?" दिराकडं न बघता, भिंतीकडं बघून ती म्हणाली. "लांडगा आदी इचारतोय का, बाई हाय का बाप्या? चूल मी पेटवती, तळ मी उभा करती, घोडं मी लादती. जागायला काय मिशा लागत्यात?"

मला हसू आवरेना. डॉक्टरही कागदात तोंड घालून बसले. धोंडीराम बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "यंदाच्या साली बगू. येक बी मेंढरू गेलं तर दोगंबी घरी."

"व्हय," राजाबाई म्हणाली.

"मला कुनी इचारतंय का?" मायाप्पा ओरडला. "मी झोपायचं आन् बायकूनं राखायचं? लोक तोंडात श्यान घालतील!"

"तुला इचारायला तू जागा कुटं असनार हाईस?" धोंडीराम म्हणाला आणि काठी घेऊन बाहेर पडला.

त्या दिवाळीनंतर कळप निघाला, दोघंही गेले. माघाच्या सुमाराला गिरणीला सुट्ट्या होत्या तेव्हा मी कृष्णाकाठाला जाऊन आलो. नदीपासून लांब, उसाच्या फडापलीकडं तळ पडला होता. मायाप्पा अंगानं भरला होता. दिवाळीपासून फेफरं एकदाच आलेलं, तेही हलकं. मला वाटलं, खूश असेल. तर मला बघितल्याबरोबर हात धरून बाभळीखाली घेऊन गेला.

"दादा, त्या सायबाला म्हनावं, दुसरा कागद काडा. त्यात कायतरी चुकलं आसंल."

"का रे? बरा तर आहेस की."

"बरा काय! काल रातीला मेंढरं गप झाली. मी टक्क जागा. काठी घितली. तर ही म्हंती, पडा गप, तुमची पाळी न्हाय. म्हनलं, लांडगा हाय गं. म्हंती, मग? तुमाला झोपायला सांगितलंय, लांडग्याला न्हाय. आन् गेली की कुत्री घिऊन! मी पडलोय घोंगडीत, डोळं मिटून, आन् बाहेर समदा कल्ला. लांडगा पळाला. सकाळी भाऊ तिला म्हंतो, श्याबास. मला? मला म्हंतो, नीट झोप लागली का?"

चुलीजवळ भाकरी थापता थापता राजाबाईनं ऐकलं असावं. ती तिथूनच ओरडली, "पावन्याला काय गाऱ्हाणं सांगतासा? जेवान होईस्तवर घटकाभर पडा. रातीचं जागरन झालंय तुमाला."

"बगितलं?" मायाप्पा मला म्हणाला. "बगितलं का?"

आणि शिव्या पुटपुटत, मेंढरांच्या अगदी मधोमध जाऊन, त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.